वडिलांच्या पश्चात ठासणीची बंदूक: माळ्यावर ठेवू नका

तुम्ही लिहिलंय की वडील वर्षापूर्वी गेले, रत्नागिरीच्या घरी माळ्यावर त्यांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, बंदूक आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना त्यांच्या नावाचा होता. चुलतभाऊ म्हणतो, "असू दे, माकडं हाकायला होते." तुम्ही स्वतः पुण्यात. मी जिल्हा न्यायालयात वीस वर्षं वकिली करतोय आणि अशी प्रकरणं हाताळली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो: या आठवड्यात ती बंदूक जमा करा.

परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. बागेच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात, तसं इथे होत नाही. आज त्या घरात बिनपरवाना अग्निशस्त्र आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली त्याची शिक्षा किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आहे. आधी ती एक ते तीन वर्षं होती.

"मी तर पुण्यात, माझा काय संबंध?" हा बचाव कच्चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात सांगितलं की ताबा म्हणजे हातातच असणं नव्हे. वस्तू आहे हे माहीत असणं आणि तिच्यावर आपली सत्ता चालणं पुरेसं आहे. घराची किल्ली तुमच्याकडे आहे आणि बंदूक कुठे आहे हेही तुम्हाला ठाऊक आहे. चुलतभावाने तर ती हातात धरलेली आहे. त्याने रानडुक्कर मारलं, तर वन विभागाचं प्रकरण निराळंच.

"जुनी आहे, गंजलीय" हेही चालत नाही. कलम ४५ ची सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला आहे.

एक गोष्ट अजून डोळ्यासमोर आहे. साठीच्या एक बाई नवऱ्याची बंदूक गोधडीत गुंडाळून कणगीमागे ठेवून होत्या, चार वर्षं. आठवण म्हणून. पुतण्याने ती नेली आणि भांडणात रोखली. गोळी सुटली नाही, पण आरोपींत त्या बाईंचंही नाव आलं. तारखेला यायच्या तेव्हा पिशवीत नवऱ्याचा तो परवाना असायचा, जुन्या नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेला. तो दाखवून त्या मला विचारायच्या, "हा आहे ना?"

कायद्याने वाट ठेवली आहे. कलम २१ प्रमाणे परवानाधारक वारल्यावर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत वारस परवाना मिळवून ते परत घेऊ शकतो, किंवा परवानाधारकाला विकू शकतो. मुदत चुकली तर मात्र सरकारजमा.

आता नेताना. मालकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्याला शस्त्र दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेता येतं, पण इथे मालकच हयात नाही. म्हणून बंदूक गाडीत टाकून निघू नका. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत जोडा आणि कशी आणायची ते त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा ते कर्मचारी पाठवतात. तोवर कोणीही तिला हात लावू नये. ठासणीच्या नळीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो, आणि कोरडी दारू वर्षांनंतरही पेट घेते. बंदुकीबरोबर दारू, केपा (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या), छर्रेही द्या. पोच घेताना बंदुकीचा क्रमांक आणि तिची स्थिती लिहून घ्या. गंजायला नको असेल तर विक्रेत्याकडे ठेवणं बरं, भाडं पडेल.

परवाना हवा असेल तर शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसासाठी तरतूद आहे. वय किमान २१ लागतं. बाकी वारसांची संमती, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलीस चौकशी, हे सगळं होतं. शेती खरंच चुलतभाऊच करत असेल आणि तो वारस नसेल, तर त्याने शेतीसंरक्षणासाठी स्वतःचा स्वतंत्र अर्ज करावा. परवाना मिळाल्यावर बंदूक त्याला रीतसर विकता येईल. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर कारणं लेखी मागा, शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं.

अर्जाचा मसुदा लागला तर मला निरोप करा, लिहून देतो. फक्त चुलतभावाला आज रात्रीच फोन करा.