साहित्य महोत्सवात पहिल्यांदाच स्वयंसेवक होताना

लेखकांना जवळून भेटता येईल म्हणून तू नाव दिलंस, ते छानच केलंस. पण बहुतेक वेळ दारात, रांगेत नाहीतर माइक घेऊन उभं राहण्यात जाईल, एवढं मनाशी धरून ये.

मला सगळ्यात आवडतं ते सह्यांच्या रांगेचं काम. रांगेतल्या प्रत्येकाकडून आधीच चिठ्ठीवर नाव लिहून घे आणि ती सही करायच्या पानावर चिकटव. ऋतुजा की रुतुजा, हे लेखकाला विचारत बसावं लागत नाही आणि वाचकाला बोलायला अर्धं मिनिट जास्त मिळतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी माणसं ताटकळलेली असतात. म्हणून घाई चिठ्ठ्यांची कर, त्यांच्या बोलण्याची नको.

प्रश्नोत्तरांत माइक स्वतःच्याच हातात ठेव आणि विचारणाऱ्यापुढे धर. हातातून गेला की प्रश्नाचं भाषण होतं. मागच्या रांगांकडे आवर्जून बघ. अर्धवट हात वर करणाऱ्यांचे प्रश्न बरेचदा फार चांगले निघतात. 10 आणि 5 मिनिटं उरल्याचे फलक कुठे बसून दाखवणार, ते मुलाखतकाराशी आधीच ठरव.

सत्राआधी लेखकाला पाणी दे, स्वच्छतागृह दाखव आणि बाजूला हो. अनेकांना तेव्हा शांतता हवी असते. स्वतःचं लिखाण त्या वेळी पुढे करू नकोस. त्यांचं एखादं पुस्तक मात्र वाचून ये; सत्रानंतर गाडीपर्यंत सोडताना गप्पा आपोआप निघतात.

आणि हो, जेवण टाळू नकोस.