शाईची बोटं : स्वस्तातल्या फाउंटन पेनाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की माझं रोजचं पेन ऐंशी रुपयांचं आहे आणि सहा वर्षं तेच वापरतेय, तर त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. निम्म्यांनी विचारलंय कुठलं पेन, उरलेल्यांनी विचारलंय की गळत कसं नाही. कुठलं ते सांगून काही उपयोग नाही, कारण अगदी तसंच दुसरं मी भाचीला घेऊन दिलं ते पहिल्या दिवसापासून अडखळतंय. स्वस्तातल्या पेनांचं हे असंच, एका खोक्यातली दोन सारखी निघत नाहीत, म्हणून दुकानात निब शाईत बुडवून दोन ओळी लिहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. गळण्याचं मात्र सविस्तर सांगते, कारण पहिलंच पत्र त्याचं आहे.

ताई, मुलगा पाचवीत आहे, बाईंनी शाईपेन कंपल्सरी केलंय. तीन महिन्यांत चार पेनं झाली, सगळी गळतात. शर्टाचा खिसा निळा, बोटं निळी, परवा तर कपाळसुद्धा. बॉलपेनच बरं नव्हतं का? (सांगलीहून एक आई)

कपाळ वाचून हसू आलं, कारण आमच्या वर्गात निब डोक्याला पुसायची पद्धत होती, केसांना तेल असायचं, त्यामुळे पुसून लिहिलं की पेन आणखीनच चालायचं नाही आणि मग झटकायचं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पाठीवर ठिपके. तुमचा लेकही तेच करत असणार, विचारून बघा.

आता पेन. तुम्ही लिहिलंय की ड्रॉपरनं शाई भरता, म्हणजे शाई थेट पेनाच्या नळीत असते, आत रबरी ट्यूब नाही, कन्व्हर्टर (शाई ओढून घ्यायची सुटी नळी) नाही. या पेनात एक गंमत असते ती मुलांना समजावून सांगितली तर निम्मं काम होतं. शाई संपत येते तशी नळीत हवा वाढते, आणि हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि उरलेली शाई खाली ढकलते, मग निबेतून टपकन थेंब. म्हणून पेन भरलेलं असताना गळत नाही, पाव भागावर आलं की गळतं. आपण काय करतो, पूर्ण संपल्याशिवाय भरत नाही, काटकसर! तर एक तृतीयांश उरली की भरून टाकायचं. अशा पेनात साधारण दोन-तीन मिली शाई मावते, म्हणजे साठ मिलीच्या बाटलीत वीसेक वेळा तरी भरून होतं, चहा-वड्याच्या पैशात त्याचं अर्धं वर्ष सहज निघेल, त्यात काय काटकसर करायची.

बोटं निळी होतात ती बहुतेक आट्यांमधून. पुढचा भाग नळीवर तिरका बसला की तिथून शाई झिरपते. सिलिकॉन ग्रीस मिळालं तर आट्यांवर अगदी चिमूटभर लावा. व्हॅसलीन नको, ते निबेकडे सरकलं की शाईची वाट बुजते. मुलं आटे फार जोरात आवळतात, मग प्लास्टिकला बारीक चीर जाते आणि त्या चिरेला काही उपाय नाही, ते पेन गेलंच समजा. तुमच्या चारातली निदान दोन तशी गेली असतील.

आणि निबेच्या खाली ती काळी कंगव्यासारखी पट्टी असते ना, फीड म्हणतात, आम्ही जीभ म्हणायचो. शाई बाहेर आणि हवा आत, दोन्ही कामं तीच करते. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमननी पेटंट घेतलं ते मुळात या जिभेतल्या बारीक खाचांचंच होतं, शाई एकदम भडाभडा न येता मापात यावी म्हणून. मुलं निब उपसून काढतात आणि परत बसवताना जीभ वर-खाली होते, मग एकतर भडाभडा नाहीतर ठणठणीत कोरडं. निब बरोब्बर मधोमध आणि दोन्ही एकाच वेळी आतपर्यंत दाबून बसवायचं. सारखं सारखं काढायचं नाही.

खिशात निब वर करून ठेवायला सांगा, धावाधावीच्या तासाला पेन दप्तरात. डाग पडला तर लगेच गार पाण्याखाली धरायचं, चोळायचं नाही, आणि डाग असताना इस्त्री तर मुळीच नाही. रॉयल ब्लू बऱ्यापैकी निघते. म्हणून शाळेत तीच द्या. वहीवर थेंब पडला तर आम्ही खडूचा तुकडा आडवा फिरवायचो, टीपकागद नसला की अजूनही चालतं ते.

बॉलपेन बरं होतं का? अहो, बॉलपेनची शाई घट्ट तेलकट असते, पेन उभं धरून दाबावं लागतं. शाईपेन तिरकं धरलं की आपल्या वजनावर चालतं, दाबलं तर निब फाकते. दाबायची सवय मोडावी म्हणून बाईंनी हट्ट धरला असेल तर मी बाईंच्या बाजूची. मीही बाईच होते सव्वीस वर्षं.

पुण्यात अभ्यासिकेत बसतो, मेन्सची तयारी चालू आहे. आता एमपीएससीची मुख्य परीक्षापण वर्णनात्मक झाली, तीन-तीन तास लिहून हात भरून येतो. फाउंटन पेननं फरक पडेल का की नुसतं फॅड? आणि मित्र म्हणतो हजार-दोन हजाराचं घे.

मित्राला म्हणावं तू घे आणि मला दे.

फरक पडतो, पण लगेच नाही. पहिले पंधरा दिवस उलट स्पीड कमी होईल कारण तुमचा हात दाबायला शिकलेला आहे, म्हणून परीक्षेला दोन महिने तरी असतील तरच सुरुवात करा, आठवड्यावर आली असेल तर आहे ते पेन आणि देवाचं नाव. निब बारीक घ्या, फाइन. देवनागरीला जाड निब दिसायला छान वाटते पण स्पीडमध्ये म, भ, श यांच्या गाठी भरून जातात आणि जोडाक्षरं म्हणजे नुसता डाग दिसतो, तपासणाऱ्याचे हाल. मी पेपर तपासलेत, मला माहितीये. जपानी कंपन्यांची फाइन ही युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक असते हेही लक्षात ठेवा. तीनशे-चारशेच्या आसपास प्लॅटिनमचं प्रेपी बघा, साधं प्लास्टिकचं पेन, टोपण असं घट्ट बसतं की महिनाभर न वापरता पडलं तरी शाई वाळत नाही. तेवढेही नसतील तर अप्पा बळवंत चौकात शंभराच्या आत देशी मिळतील, बुडवून बघून घ्या म्हटलंच वर.

हॉलमध्ये दोन पेनं न्या, दोन्ही आदल्या रात्री भरून, आणि एकदम नवंकोरं नको. नव्या निबेवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, एक थेंब भांड्याच्या लिक्विड सोपचा पाण्यात टाकून धुतलं की ते जातं, नुसत्या या कारणानं लोक नवी पेनं "खराब" म्हणून परत करतात. शाई रॉयल ब्लू नको, उत्तरपत्रिकेवर घामाचा हात किंवा पाण्याचा थेंब पडला की पसरते, जरा पक्की निळी किंवा काळी बघा. प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचाच. आणि पूर्वपरीक्षेच्या ओएमआरला हे पेन काढू नका, तिथे काळं बॉलपेन.

आमचे येथे १९८७ साली घेतलेले हिरोचे पेन आहे, बंदराकडून आलेले. पंधरा वर्षे कपाटात होते, आता शाई भरली तर लिहीत नाही. दुरुस्त करणारे जुने दुकान बंद झाले. आपण काही सुचवावे. (नाशिक, सेवानिवृत्त)

दादा, "बंदराकडून आलेले" हे शब्द फार दिवसांनी वाचले! तेव्हा कुणाचा तरी मेव्हणा डॉकमध्ये असायचाच आणि दहावीला साठच्या वर मार्क पडले की हे चिनी हिरो पेन ठरलेलं. टोपण सोनेरी, निब आत लपलेली, नुसतं टोक बाहेर. ती ठेवण मूळ पार्कर ५१ ची, १९४१ सालची.

शाई वाळून दगड झाली असणार, बाकी काही नाही. आतली उरलीसुरली शाई दाबून काढून टाका. एका वाटीत साधं पिण्याचं पाणी घ्या, बोअरचं जड नको, आणि पेनाचा पुढचा भाग निब खाली करून रात्रभर त्यात बुडवून ठेवा, सकाळी पाणी निळं झालं की बदला. मग मागची धातूची पट्टी चार-पाच वेळा दाबून सोडायची, दर वेळी सोडल्यावर थोडं थांबायचं म्हणजे पाणी वर ओढलं जाईल. तीन-चार दिवस लागतात, माझ्या भावाच्या पेनाला आठवडा लागला होता. गरम पाणी नको आणि स्पिरिट तर अजिबात नको, प्लास्टिक तडकतं. आणि कृपा करून निबेवरचं ते काळं टोपरं पिळून उघडायला जाऊ नका, ते चिकटवलेलं असतं. इतकं करूनही पाणी ओढलं नाही तर आतली ट्यूब कडक झाली असेल, ती बदलता येते पण मग कुणीतरी जाणकार हवा.

एक विचारायचं राहिलं, तुम्ही निबेच्या फटीत ब्लेड घातलं होतं का? पत्रात "थोडे मोकळे करून पाहिले" असं आहे म्हणून विचारते. घातलं असेल तर परत घालू नका.

रत्नागिरीत पावसाळ्यात शाई कागदावर पसरते आणि बाटलीत धागे धागे दिसतायत. पेन बदलू का?

पेन कशाला बदलता, शाई फेका! ते धागे म्हणजे बुरशी. ती शाई पेनात गेली असेल तर पेन भांड्याच्या साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, आणि ती बाटली "गाळून घेऊ" वगैरे करू नका, मी केलंय, नवीन बाटलीतही बुरशी आली. पेन थेट बाटलीत बुडवून भरता तेव्हा निबेला लागलेलं कागदाचं कूस, हाताचा घाम सगळं आत जातं, म्हणून छोट्या बाटलीत जरा शाई काढून घ्यायची आणि तिथून भरायची. झाकण लगेच लावायचं. कोकणात तर नक्कीच.

पसरण्याचं कारण कागद. जून-जुलैत वह्या हवेतली ओल पितात. ट्रंकेत किंवा घट्ट डब्यात वह्या ठेवा, वापरायची तेवढी बाहेर. तरी पसरली तर वहीच वाईट, जाड कागद म्हणजे चांगला असंही नसतं, शेवटच्या पानावर एक ओळ लिहून उलट बाजूनं बघायचं. पेनावर पाचशे घालणारे लोक वही मात्र सगळ्यात स्वस्त आणतात आणि मग म्हणतात शाई फुटते.

शाई कुठली हेही तुम्ही विचारलंय. मी लहानपणापासून कॅमलची वापरते, सवय. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरुवात केली, फाउंटन पेनाची उंट छाप शाई नंतरची. आजोबा ती वडी पाण्यात विरघळवायचे आणि पाणी जास्त झालं की आजी म्हणायची आज आमटी झाली. बंगळुरूची ब्रिल आहे, कोलकात्याची सुलेखा आहे, ती १९३४ ची, स्वदेशीच्या काळातली, मधे बंद होती आता पुन्हा मिळते. यातली कुठलीही चालेल. फक्त चित्रकलेची इंडियन इंक पेनात घालू नका, तिच्यात काजळी आणि लाख असते, आत वाळली की संपलं. मी आठवीत घातली होती, वडिलांच्या पेनात. पुढचं सांगत नाही.

मी डावखुरी, कोल्हापूर. सगळं पुसलं जातं.

एवढंच पत्र आहे, पण समजलं. हात लिहिलेल्यावरून जातो, त्यात आपली शिरोरेषा, शब्द संपल्यावर हात परत मागे येतो आणि ओली अक्षरं फासतो. कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं चांगला तिरका करा, हात ओळीच्या खाली ठेवा. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढून बघा, डावखुऱ्यांना ती डावीकडून ढकलावी लागते म्हणून निब कागदात रुतते, ओढली की सरळ जाते. बाईंनी उलटं का म्हणून विचारलं तर माझं नाव सांगा. निब बारीक, कागद शोषणारा. महागाचा गुळगुळीत कागद तुमच्यासाठी नाही, त्यावर शाई वाळायला फार वेळ घेते.

डब्लिनला असतो, जानेवारीत येतोय. विमानात पेन गळतं म्हणून दर वेळी बॅगेत टाकतो आणि तरी गळतं.

वर सांगलीच्या ताईंना सांगितलं तेच, फक्त इथे उबेच्या जागी केबिनमधला कमी झालेला दाब. आतली हवा फुगते आणि शाईला ढकलते. एकतर काठोकाठ भरा म्हणजे हवाच नको, नाहीतर रिकामं धुऊन आणा. बॅगेत आडवं टाकू नका, शर्टाच्या खिशात निब वर करून, आणि विमान वर चढत असताना टोपण उघडून फॉर्म भरत बसू नका. परत जाताना इथली दोन-चार देशी ड्रॉपरवाली पेनं मित्रांना न्यायची म्हणताय, न्या, रिकामी न्या, शाईची बाटली चेक-इन बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत, गाठ मारून.