नवं साउंड कार्ड बसवलं, पण गुणगुण येते आणि पुढच्या जॅकला आवाज नाही. कार्ड परत करून यूएसबीवरचं घेऊ का? आणि रेकॉर्डिंग चोवीस बिटवर करू की सोळा?

कार्ड परत करू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी ते बिघडलंय असं मला वाटत नाही. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या घरी डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं चांगलं कार्ड बसवलंत, वडिलांनी जपलेल्या गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी त्यातून उतरवून घ्यायच्या आहेत. टेपडेक जोडला की मागं सतत गुणगुण राहते, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला तर काहीच ऐकू येत नाही. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही. मी बेळगावात शहापूरला असतो आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायचं हेच काम आवडीनं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पुढचा जॅक, कारण तो पाच मिनिटांचा प्रश्न आहे. त्या जॅकपासून एक वायर आत जाते, तिच्या टोकाला एचडी ऑडिओ असं लिहिलेला छोटा काळा कनेक्टर असतो. तो अजून मदरबोर्डवरच असणार. गाणं वाजतंय नव्या कार्डातून आणि पुढचा जॅक जोडलाय जुन्या, मदरबोर्डच्या ऑडिओला, मग ऐकू येणार कसं? तो कनेक्टर काढून कार्डावर तशाच पिना असतील तिथं लावा. जागा दहा आणि पिना नऊ असतात, एका जागी पिन नसते आणि कनेक्टरचं तेवढंच भोक बुजवलेलं असतं, म्हणून तो उलटा बसत नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा, बाजू चुकलीय. काही कार्डांवर ही सोयच नसते. तसं असेल तर मागचा हिरवा जॅक वापरा.

पीसी उघडलाच आहे तर कार्डही एकदा काढून परत बसवा. पीसी बंद करून मेनचा प्लग काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत साठलेला करंट उतरतो, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावूनच कार्डाला हात घालायचा. आखूड स्लॉटसाठीचं कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं, त्यामुळं ग्राफिक्स कार्डापासून जेवढं लांब ठेवता येईल तेवढं ठेवा. पंख्याच्या आणि ग्राफिक्सच्या गोंगाटाला चिकटून बसलेलं कार्ड कितीही महाग असो, थोडं तरी ते उचलतंच. मागच्या पट्टीचा स्क्रू घट्ट आवळा. तो स्क्रू कार्डाला कॅबिनेटच्या पत्र्याशीही जोडतो, म्हणून रिकामा सोडायचा नाही.

कार्डावर पॉवरचा वेगळा सॉकेट आहे का, तेही बघा. असूसच्या झोनार एसेन्स एसटीएक्ससारख्या कार्डांना एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, चार पिनांची मोलेक्स वायर लागते, झोनार डीएक्सला जुन्या फ्लॉपीची बारकी वायर लागते. ती राहिली की कार्ड विंडोजमध्ये दिसू शकतं, पण आवाजाच्या नावानं शून्य. आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. खानापूरकडच्या पावसात महिनोन् महिने घरात ओल असते. कार्डाची सोनेरी किनार आणि जॅकची आतली बाजू त्या ओलीनं काळवंडते, मग एका बाजूचा आवाज जातो, वायर हलवली की परत येतो. मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन किनार पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पीसी चालू करू नका.

विंडोजमध्ये तीन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं म्हणजे डिव्हाइस मॅनेजर. तिथं पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेला नाही. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. आपोआप ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी जी सॉफ्टवेअरं असतात, त्यांच्या वाट्याला जाऊ नका. दुसरं, मॉनिटर एचडीएमआयनं जोडलेला असला की विंडोज पुष्कळदा मॉनिटरलाच स्पीकर धरून बसतं. साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन नवं कार्ड डीफॉल्ट करा. मदरबोर्डचा ऑडिओ बायोसमधून (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधून) बंद केला तर गोंधळ आणखी कमी होतो, पण ते सक्तीचं नाही. तिसरं कुणाच्या लक्षातच येत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर लाइन-इनचं, म्हणजे टेपडेक जोडायच्या जॅकचं, रेकॉर्डिंगसुद्धा सुनं येतं. विंडोज लाइन-इनलाही मायक्रोफोनच समजतं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेघ दिसते, आणि माणूस वायर बदलत बसतो.

आता गुणगुण.

आधी ती कुठल्या जातीची आहे ते कानानं ओळखा. माउस फिरवला, पान वरखाली केलं की चिरचिर बदलत असेल, तर ती कॉम्प्युटरच्या आतली आहे, आणि वर सांगितलेली जागाबदल आणि स्क्रू यानं ती बहुधा कमी होते. पण स्क्रीनवर काहीही करा, एकाच सुरात, खर्जात चाललेली गुणगुण ही आपल्या मेन लाइनची, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. तुमच्या वर्णनावरून ही दुसरी जात वाटते. टेपडेकची वायर कार्डातून उपसा. गुणगुण थांबली तर कार्ड निर्दोष आहे.

मग एकच प्रश्न विचारतो. चप्पल न घालता, फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली की मुंग्या येतात का? येत असतील तर तुमच्या बोर्डाच्या तिसऱ्या पिनला अर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले बारके कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर निम्मा व्होल्टेज, म्हणजे २३० चा ११५ च्या आसपास, उभा राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. पण त्या करंटला वाट हवीच असते, आणि तुम्ही ऑडिओची वायर जोडता तेव्हा तिच्या जाळीतून तो टेपडेककडं जातो. ती वाट म्हणजेच तुमची गुणगुण.

तेव्हा नवीन वायर, नवीन कार्ड घेण्याआधी वायरमनला बोलवा. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास दिसलं पाहिजे आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोनतीन व्होल्टपेक्षा जास्त नको. हे तुम्ही स्वतः करू नका, चालू लाइनवरचं काम आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण मागं अर्थची वायरच ओढलेली नसते. मी हे बेळगावातल्या चांगल्या बांधलेल्या घरांतही बघितलंय. अर्थिंगचा खड्डा असेल तर तो उन्हाळ्यात कोरडा पडतो. तुमच्याकडं तांबडी माती आणि जांभा, पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळं मार्चपासून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतलं पाहिजे. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात तेही ओल टिकावी म्हणूनच.

अर्थिंग नीट असूनही गुणगुण राहिली तर लूप आहे. कॉम्प्युटर एका खोलीतल्या बोर्डावर आणि टेपडेक किंवा अॅम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतून ओढलेल्या वायरवर असेल, तर दोन्ही अर्थ एकसारखे नसतात आणि तो फरक ऑडिओच्या वायरीतून वाहतो. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. कॉम्प्युटरला किंवा अॅम्प्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची केबल काढून बघा, तीही बाहेरून स्वतःचा अर्थ घेऊन येते. एवढ्यानंही जात नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, गाडीच्या ऑडिओचं सामान विकणाऱ्यांकडंसुद्धा. मात्र स्वस्तातल्या आयसोलेटरमध्ये खालचे सूर पातळ होतात. पखवाजाच्या धुमेवर थाप पडली की ती भरीव ऐकू आली पाहिजे, नुसती टपटप नको. तसं होत असेल तर तो आयसोलेटर परत करा.

आणि कृपा करून प्लगची अर्थची पिन कापू नका, दोन पिनांचा अडॅप्टर लावू नका. असं केलं की लूपची गुणगुण जाते हे खरं आहे, आणि म्हणूनच पुष्कळ जण हा सल्ला देतात. पण एसएमपीएसमध्ये उद्या बिघाड झाला तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतील आणि कॉम्प्युटरपाशी घरातली लहान मुलंही बसतात. भजनाच्या एका कॅसेटीसाठी एवढी जोखीम कुणी घेऊ नये.

इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करायचं नाही. पावसाळ्यात तुमच्याकडं लाईट जाते आणि काम मध्येच थांबलेलं आवडत नाही, हे समजतं. पण साधे इन्व्हर्टर आणि स्वस्त यूपीएस चौकोनी लाट देतात, तिच्यातून घरघर येते आणि ती नंतर काढता येत नाही. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर लाईट येईपर्यंत थांबा.

आता खुद्द कॅसेटीविषयी, कारण कार्ड कितीही चांगलं असलं तरी निम्मं यश इथं आहे. टेपडेकचं लाइन-आउट कार्डाच्या निळ्या लाइन-इनमध्येच जोडा, गुलाबी माइकच्या जॅकमध्ये नाही. माइकचा जॅक बारीक सिग्नल वाढवायला केलेला असतो, त्यात लाइनचा आवाज घातला की तो फाटतो. टेपचं हेड अल्कोहोलनं साफ करा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच लावू नका, ती हेडला लागून पुढच्या कॅसेटींवर जाते.

लेव्हल लावताना सगळे जण कॅसेटची सुरुवात ऐकून लावतात. भजनात सुरुवातीला एकटा गायक आणि पेटी असते, आवाज मोजका. पुढं अभंग चढत जातो, टाळ लागतात आणि गजराला सगळे उभे राहिले की लेव्हल एकदम वर जाते. टाळांचा ठोका क्षणभराचा पण फार टोकदार असतो आणि मीटरवर लाल दिवा लागून गेला की तेवढा आवाज कायमचा फाटला. म्हणून कॅसेट पुढं ढकलून गजर शोधा, तिथं सगळ्यात मोठा ठोका उणे सहा डेसिबलच्या आसपास ठेवा, मग मागं येऊन रेकॉर्डिंग सुरू करा.

त्याहून महत्त्वाचं, साउंडच्या सेटिंगमधली सगळी एन्हान्समेंट बंद करा. नॉइज सप्रेशन, एको कॅन्सलेशन, कार्डाच्या सॉफ्टवेअरमधलं आवाज गोड करणारं सगळं. नॉइज सप्रेशन बोलण्यासाठी केलेलं आहे. जो आवाज एकसारखा चालू राहतो तो त्याला गोंगाट वाटतो, आणि तंबोरा किंवा पेटीचा धरलेला सूर एकसारखाच चालू असतो. गायक थांबला की तंबोरा विझतो, गायक गायला लागला की परत उगवतो, असं झालेलं मी ऐकलंय. ऑडॅसिटीत नंतर खरखर काढायची असेल तर नमुना म्हणून कॅसेटच्या अगदी सुरुवातीची, वाद्य लागण्याआधीची कोरी टेप निवडा. सगळं नीट लागलंय का हे तपासायला आपल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची एखादी मैफल चांगल्या हेडफोनवर लावा आणि गाणं सुरू होण्याआधीचा तंबोरा ऐका. जवारीची झणक स्वच्छ, मागं काळोखासारखी शांतता, असं असेल तर कार्डाचं काम झालं.

चोवीस बिट घ्यायचं की सोळा, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय. कॅसेटची स्वतःची ताकद, म्हणजे तिच्या खरखरीपासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर, साधारण ५० ते ६० डेसिबलची असते, १६ बिटला ९६ डेसिबल मिळतात. एसेन्स एसटीएक्सवर १२४ डेसिबल छापलेलं असतं ते तुमच्या कॅसेटीला कधीच लागणार नाही. तरी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्या, कारण लेव्हल थोडी कमी ठेवायला जागा राहते. मिनिटाला साधारण १७ एमबी होतात, म्हणजे तासाची कॅसेट एक जीबीच्या थोडी वर. ९६ किलोहर्ट्झवर फक्त डिस्क भरेल. विंडोजमध्ये आणि ऑडॅसिटीत हा आकडा एकच ठेवा, नाहीतर विंडोज मध्ये पडून तो स्वतःच बदलतं.

मध्येच टकटक येत असेल तर वायफाय बंद करून बघा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा.

राहिला यूएसबीचा प्रश्न. अजून काहीच घेतलं नसतं तर लाइन-इन असलेला बाहेरचा यूएसबी इंटरफेस मी नक्की सुचवला असता, पीसी उघडावा लागत नाही आणि पुढं लॅपटॉपलाही चालतो. पण त्यालाही हीच गुणगुण आली असती, कारण यूएसबीच्या वायरीतूनही अर्थ जोडला जातोच. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर ती जाते. कार्ड घेतलंय तर तेच वापरा. वायरमन येऊन गेला की मीटरवर काय दिसलं, आणि कार्डाचं मॉडेल कुठलं, एवढं खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.