नव्या जोडलेल्या पीसीवर विंडोज ११ इन्स्टॉल होत नाही : आधी एसएसडी दिसत नव्हती, आता कॉपी मध्येच अडते. एसएसडी परत करू का?

एसएसडी इतक्यात परत करू नका. तुमच्या वर्णनावरून तरी ती निर्दोष वाटते.

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा: इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या दोन स्टिक, एक्सएमपी (रॅम डब्यावरच्या जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) लावून वेग ६०००, नवी एनव्हीएमई (थेट बोर्डवर बसणारी) एसएसडी आणि जुन्या मशीनमधली एक साटा (केबलने जोडायची) हार्ड डिस्क. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या, बोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) एसएसडी पहिल्यापासून दिसत होती, पण विंडोजच्या सेटअपमध्ये फक्त जुनी हार्ड डिस्क यायची. मग व्हिडिओ बघून बायोसमध्ये बरंच काही बदललंत, एसएसडी दिसायला लागली, पण आता फाइल कॉपी होताना कधी ४० टक्क्यांवर, कधी ७० वर थांबते. एररचा आकडा दरवेळी वेगळा, एकदा तर निळी स्क्रीन. पेनड्राइव्ह तीनदा नव्याने बनवून झाला.

इथे दोन वेगळे बिघाड आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे तुम्ही गोंधळलात. वेगळे करायची माझी रीत अशी: जो एरर दरवेळी त्याच जागी, त्याच शब्दांत येतो तो बहुतेक सेटिंगचा, ड्रायव्हरचा नाहीतर पेनड्राइव्हचा असतो. जो दरवेळी जागा आणि आकडा बदलतो तो हार्डवेअरचा, आणि त्यात पहिला संशय रॅमवर घ्यायचा. पेनड्राइव्ह तोच, डिस्क तीच, प्रोग्राम तोच असेल तर सेटअपने दरवेळी तेच करायला हवं. तसं होत नसेल तर वाटेत कुठेतरी डेटा बिघडतोय.

पहिला बिघाड आधी संपवू. एसएसडी बायोसला दिसते पण सेटअपला दिसत नाही, याचं इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या मशीनमध्ये नेहमीचं कारण म्हणजे व्हीएमडी. ही सोय चालू असली की एसएसडी थेट न दिसता इंटेलच्या कंट्रोलरच्या आडोशाला जाते, आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर सेटअपकडे नसला तर त्याच्या लेखी तिथे डिस्कच नसते. घरच्या मशीनमध्ये एकच एसएसडी असेल आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) लावायचं नसेल तर व्हीएमडीचा काही उपयोग नाही. बायोसमध्ये अॅडव्हान्स्ड भागात 'व्हीएमडी सेटअप' किंवा तशाच नावाची नोंद असते, ती बंद करा. बहुधा त्या व्हिडिओच्या नादात तुमच्याकडून तेच बंद झालं असावं, म्हणून डिस्क दिसू लागली. व्हीएमडी चालूच ठेवायचं असेल तर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उलगडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचं आणि सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून ते दाखवायचं. नुसती डाउनलोड झालेली इन्स्टॉलर फाइल तिथे चालत नाही, आतल्या सुट्या ड्रायव्हर फाइलीच लागतात. एक लक्षात ठेवा, विंडोज बसल्यानंतर हे सेटिंग उलटसुलट केलंत तर बूट होताना निळी स्क्रीन येईल. काय ठरवायचं ते आत्ताच ठरवा.

आता तुमचा खरा प्रश्न, कॉपी मध्येच अडण्याचा.

विंडोजच्या पेनड्राइव्हवर सगळी सिस्टिम एका मोठ्या, दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते. सेटअप तिचे तुकडे रॅममध्ये आणतो, तिथे उलगडतो, तपासतो आणि डिस्कवर उतरवतो. म्हणजे कित्येक जीबी डेटा काही मिनिटांत रॅममधून सरकतो. त्यातला एक बिट जरी उलटला तरी तपासणीत तो तुकडा नापास होतो आणि सेटअप म्हणतो, 'फाइल खराब आहे किंवा सापडत नाही'. ८००७०५७० हा आकडा त्याच जातीचा. संदेशात फाइलीचं नाव येतं, म्हणून माणूस साहजिकच पेनड्राइव्हला दोष देतो आणि तो पुन्हापुन्हा बनवत बसतो.

मीही तेच केलं होतं. दोन वर्षांपूर्वी भाचीसाठी पीसी जोडला. ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती, प्रत्येक टक्का मोठ्याने वाचत होती. ३८ वर अडलं, मग ६१ वर, मग १२ वर. तीन संध्याकाळी पेनड्राइव्ह बदलण्यात गेल्या. चौथ्या दिवशी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं. सातव्या-आठव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली. त्या ओळीत दोन आकडे शेजारीशेजारी असतात: रॅममधून जे यायला हवं होतं ते आणि प्रत्यक्षात जे आलं ते. आठ अक्षरांच्या त्या दोन आकड्यांत फक्त एका अक्षराचा फरक होता. तीन संध्याकाळचं कारण एवढंच. भाचीने बोट ठेवून तो फरक मला दाखवला, तेव्हा पेनड्राइव्ह बाजूला ठेवला.

तिच्या मशीनमध्ये रॅम खराब नव्हतीच. दोन्ही स्टिक मी प्रोसेसरकडून पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत बसवल्या होत्या. चार खाचांच्या बोर्डवर दोन स्टिक सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, बोर्डवर त्यांना ए२ आणि बी२ अशी खूण असते. कारण बहुतेक बोर्डवर सिग्नलची वाट त्या टोकाच्या खाचांवर संपते. अलीकडच्या खाचा वापरल्या तर पुढचा रिकामा तुकडा लोंबकळत राहतो आणि जास्त वेगाला सिग्नल बिघडतो. कमी वेगाला हे खपून जातं, एक्सएमपी लावलं की उघडं पडतं. स्टिक हलवल्यावर तीच रॅम, तोच वेग, रात्रभर चाचणी चालली आणि एकही लाल ओळ आली नाही.

म्हणून तुम्ही आज एवढंच करा. मशीन बंद करून वीज काढा आणि रॅम कुठल्या खाचेत आहे ते बघा, चुकीच्या असतील तर हलवा. 'टक्' आवाज येऊन कडी बंद झाली पाहिजे, डीडीआर५ ला जरा जोर लागतो. मग बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा. डब्यावर ६००० छापलेलं असलं तरी तो वेग म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी इंटेलने डीडीआर५ चा अधिकृत वेग ४८०० सांगितला आहे, त्यापुढे चाललं तर चांगलं, पण त्याची हमी नाही. रॅम हलवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. बोर्डवर रॅमचा छोटा दिवा लागलेला दिसेल, तो विझेपर्यंत थांबा.

मग मेमटेस्ट रात्रभर लावून झोपा. सकाळी एकही एरर नसेल तरच इन्स्टॉलेशनला हात घाला. एक-दोन एररना 'चालतंय की' म्हणू नका, रॅममध्ये मान्य असणारा आकडा शून्यच. एक्सएमपी बंद असूनही एरर आले तर एकेक स्टिक ए२ मध्ये एकटी लावून तपासा. एकाच स्टिकला एरर येत असेल तर ती बदलून घ्यायची. दोन्ही स्टिक ए२ मध्ये शुद्ध पण बी२ मध्ये बिघडत असतील तर रॅमचा दोष नाही, मग प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना टॉर्चच्या तिरक्या उजेडात बघा. रांगेतली एखादी पिन वाकलेली असेल तर तिच्यावरचा प्रकाश वेगळा पडतो. एका वाकलेल्या पिनेने रॅमचा एक अख्खा चॅनेल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली एक वाट, बिघडू शकतो. कूलरचे स्क्रू एका कोपऱ्यात जास्त आवळले गेले असतील तरीही असं होतं, मी ते एकदा पाहिलं आहे.

रॅम शुद्ध ठरली की पुन्हा सेटअप. त्याआधी जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा, यावर मी अडूनच बसते. दुसऱ्या डिस्कवर आधीपासून बूटचं पार्टिशन असेल तर विंडोज स्वतःचं बूट लोडर (मशीन लावल्यावर विंडोज सुरू करणारा छोटा प्रोग्राम) तिथेच टाकून मोकळं होतं, आणि वर्षभराने ती डिस्क काढली की नव्या एसएसडीवरचं विंडोज सुरूच होत नाही. शिवाय केबल काढलेली असली की चुकून जुने फोटो पुसले जाण्याची भीती नाही.

बूट मेन्यूमध्ये पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एक साधा, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होणारा, आणि एक 'यूईएफआय' (नवी पद्धत) असं लिहिलेला. दुसरा निवडा. पहिल्यावरून गेलात आणि एसएसडी जीपीटी या नव्या पद्धतीने आखलेली असेल तर सेटअप ती नाकारेल, आणि एमबीआर या जुन्या पद्धतीने आखलेली असेल तर यूईएफआयवाला नाकारेल. तुमची एसएसडी नवी आहे, पण इतक्या अर्धवट प्रयत्नांनंतर तिच्यावर तुकडे उरले असतील, ते पुसून घ्या. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. त्यात इंग्रजी अक्षरांत डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. आलेल्या यादीत आकार बघून खात्री करा की समोर एसएसडीच आहे, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. क्लीनने सगळं जातं आणि ते परत विचारत नाही. खिडकी बंद करून यादी रिफ्रेश करा, पूर्ण मोकळी जागा दिसेल. पार्टिशन आपण बनवायची गरज नाही, तीच जागा निवडून पुढे जा.

पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या, थेट बोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या वायरवरून येतात, ती वायर नीट बसलेली नसेल तर आणखी एक संशयित वाढतो. कॉपी संपून पहिल्यांदा रिस्टार्ट झालं की पेनड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होऊन पहिल्या पानावर येतं आणि काहीच झालं नाही असं वाटतं. 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' असा संदेश आला तर बायोसमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू करा, इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडेल. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद ठेवा.

शेवटच्या टप्प्यात सेटअप इंटरनेट मागेल आणि नव्या बोर्डचं नेटवर्क त्याला ओळखता येणार नाही असं बऱ्याचदा होतं. हा बिघाड नाही, फक्त ड्रायव्हर नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज त्याला स्वतःहून ओळखतं. डेस्कटॉप आल्यावर बोर्डच्या पानावरून चिपसेट आणि नेटवर्कचे ड्रायव्हर घाला, हार्ड डिस्क परत जोडा, आणि एक-दोन दिवस मशीन नीट चाललं की मगच एक्सएमपी लावून पुन्हा एक रात्र मेमटेस्ट करा. ६००० वर एरर आला तर ५६०० वर आणून बघा, रोजच्या कामात हा फरक तुमच्या लक्षातही येणार नाही.