दुर्गम पाड्यावरच्या शाळेत नेमणूक मिळाली आहे. जाऊ का? तिथे नेमकं काय वाट्याला येतं?

तुम्ही लिहिलंय की नेमणूक नंदुरबारच्या डोंगरात आहे आणि घरचे नको म्हणतात. माझी सुरुवातही तिथेच झाली, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये पवित्र पोर्टलच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षक भरतीच्या, यादीतून मला अक्कलकुवा तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा मिळाली. मी लातूरची. तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधनावर; ते महिना ६००० रुपये (२०२३ पासून ते १६००० झालंय). डांबरी रस्ता संपला की पाड्यापर्यंत तासभर चढ. नाल्याला पाणी आलं की पलीकडची मुलं येत नसत. रेंज एकाच टेकाडावर. हे सगळं महिनाभरात अंगवळणी पडतं. मला जड गेलं ते वेगळंच.

पहिलीच्या वर्गात मी तक्ता लावला. अ अननसाचा, आ आईचा. मुलं माझ्याकडे टक लावून बघत गप्प. मी आवाज चढवला, तरी गप्प. आठवडाभर हेच चाललं आणि मी मनाशी ठरवून टाकलं की मुलं कच्ची आहेत. शेवटी पोषण आहार शिजवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मॅडम, यांना आई कळत नाही. इथे याहा म्हणतात." अननस तर कुणी पाहिलेलाच नव्हता. आठवडाभर मी परक्या भाषेत ओरडत होते आणि दोष मुलांना देत होते. तो आठवडा अजून बोचतो. शिकवणं शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून असावं, हे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ मला डी.एड.पासून पाठ होतं. मुलांच्या भिली भाषेचा एक शब्द मात्र येत नव्हता.

मग शाळा सुटली की मी वही घेऊन त्या ताईंच्या चुलीपाशी बसायला लागले. भाकर, शेळी, भूक लागली, पोट दुखतंय. रोज दहा शब्द. दुसऱ्या दिवशी वर्गात ते म्हणून दाखवायचे. माझे उच्चार ऐकून मुलं खदाखदा हसायची, मला सुधारायची, आणि सुधारता सुधारता बोलती झाली. तक्ताही आम्ही नवा केला. आ आंब्याचा, म मोहाचा.

दिवाळीनंतर मात्र वर्ग निम्मा रिकामा. आईबाप ऊसतोडीला गुजरातकडे गेले, धाकट्यांना सांभाळायला मोठ्या बहिणीही गेल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देतात, म्हणजे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. पण हद्दीपलीकडे, गुजराती शाळेत त्याचा काय उपयोग? उपयोग झाला तो घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांशी बोलण्याचा. त्यामुळे तीन मुली आजीजवळ मागे राहिल्या. मला त्या तीनचंच फार अप्रूप होतं.

होळीला सगळे परत येतात. काठी गावची राजवाडी होळी पाहायला मुलांनीच मला नेलं. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरू बांधलेले लोक रात्रभर नाचत होते. पहाटे होळी पेटली तेव्हा गर्दीतून "बाई!" अशी हाक आली. दिवाळीपासून न दिसलेली माझी दुसरीतली मुलगी होती.

पुढच्याच आठवड्यात करोनाने शाळा बंद झाल्या. ऑनलाइनचा प्रश्नच नव्हता. नंतर आम्ही दोघं शिक्षक पाड्यापाड्यावर झाडाखाली चार-पाच मुलं घेऊन बसायचो. तेव्हा मला भाषा येत होती, म्हणूनच घरच्यांनी मुलं पाठवली.

तेव्हा जा. घरच्यांना एकदा सोबत घेऊन जा, पाडा दाखवा. तालुक्याहून ये-जा करण्यापेक्षा तिथेच खोली बघा, संध्याकाळी माणसं भेटतात. टॉर्च आणि कोरी वही न्या. धडगावकडे नेमणूक असेल तर बहुतेक पावरी भाषा लागेल, माझ्या वहीतले शब्द तिथे चालणार नाहीत. रुजू झाल्या दिवशीच स्वयंपाकाच्या ताईंना विचारा, आईला काय म्हणतात.