परदेशी सरपटणारे प्राणी घरी पाळण्यावर कायद्याने बंधन असावं का?

असावंच. तुम्ही पुढे विचारलंय की नाशकात गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये इग्वाना, म्हणजे तो मोठा परदेशी सरडा, ठेवता येईल का, म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे इंदिरानगरला होता.

धाकट्या भाऊजींनी तो मुंबईहून बुटाच्या खोक्यातून आणला, वीतभर, हिरवागार. ‘पाला खातो, त्रास काही नाही,’ एवढंच विकणाऱ्याने सांगितलेलं. टाकी गॅलरीत ठेवली आणि गॅलरी स्लायडिंगच्या काचांनी बंद. यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा आणा, असं मी दहादा म्हटलं. त्यांचं एकच, ‘वहिनी, दिवसभर ऊन येतंय की, दिवा कशाला?’ काचेतून ऊब आत येते, यूव्हीबी किरण येत नाहीत. ते नसले की अंगात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम हाडापर्यंत पोचतच नाही. वर मी रोज पालक घालायचे. पालकातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य खाण्यात असेल तेवढं कॅल्शियमही अडवतं, हे मला फार उशिरा कळलं. सात-आठ महिन्यांत जबडा सुजून मऊ पडला, पाय थरथरायला लागले, फांदी धरवेना. लेकरांना मुडदूस होतो, तसंच. नाशकात दोन डॉक्टरांकडे नेला. दोघंही कुत्र्या-मांजरांचे, त्यांनी हात लावला नाही. जानेवारीत गेला.

भाऊजी आजही म्हणतात, थंडीने गेला. थंडी होतीच, पण हाडं दिवाळीतच गेली होती.

कायदा आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, इग्वाना चौथ्या अनुसूचीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जीवांच्या यादीत आला, २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मृत्यूसुद्धा कळवायचा. पण प्राणी आपल्याकडे आहे एवढं नोंदवून काय होणार? दिवा, टाकीचं माप आणि त्याला तपासणारा डॉक्टर दाखवल्याशिवाय विक्रीच होऊ नये. पूर्ण वाढलेला इग्वाना शेपटीसकट पाच-सहा फुटांचा होतो, त्याला खोली लागते. आणि कंटाळा आला की गोदावरीत सोडणाऱ्यांना दंड हवा. खाली नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, तिथल्या जिवांनी काय घोडं मारलंय?

नीट सांभाळणारेही असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल तर आधी दिवा घ्या, प्राणी नंतर. ट्यूब सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत बदलावी लागते. उजेड तसाच दिसत राहतो, किरण मात्र संपलेले असतात.