जुने लॅपटॉप गावच्या शाळांना पाठवायचेत, पण कंटेनर भरायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता पण घाईत दोन ओळी लिहून मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून आता जेवण झाल्यावर निवांत बसून लिहितोय. तुम्ही म्हणताय की इथे इंग्लंडमधलं तुमचं ऑफिस बंद होतंय, तिथले ६० लॅपटॉप, २५ मॉनिटर आणि २ झेरॉक्स मशिन फुकट मिळतायत, एका ओळखीच्या डॉक्टरांनी ३ जुने व्हेंटिलेटर देऊ केलेत, आणि हे सगळं मंडळातर्फे वीस फुटी कंटेनरमध्ये घालून इथल्या फेलिक्स्टोव बंदरातून न्हावा शेवाला आणि तिथून माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना पाठवायचंय. आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की डोनेशन लिहा, किंमत शून्य टाका, कोणी विचारत नाही.

हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. मी गेली चौदा वर्षं जुने कॉम्प्युटर तपासून, दुरुस्त करून परत विकण्याच्या धंद्यात आहे, आणि 'किंमत शून्य' लिहिलेला कागद हाच अधिकाऱ्याला कंटेनर उघडावासा वाटण्याचं पहिलं कारण असतो, कारण चालू स्थितीतल्या मालाला बाजारात काहीतरी भाव असतोच आणि तो अगदीच नसेल तर हा माल नसून कचरा आहे असा संशय येतोच. दान करायला बंदी नाही, पण दानाचासुद्धा रीतसर कागद लागतो. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी पोर्टवर हेतू तपासत नाहीत, वस्तू तपासतात.

मुळात 'कचरा' म्हणजे काय तर ज्याच्याकडे ती वस्तू आहे तो ती टाकून देतोय किंवा टाकून द्यायच्या विचारात आहे ती वस्तू. मग ती चालते की नाही हा नंतरचा प्रश्न. तुमच्या ऑफिसने "शुक्रवारपर्यंत उचला, नाहीतर स्किपमध्ये जाईल" (स्किप म्हणजे कचऱ्याचा मोठा डबा) असा मेल केला असेल ना, तर तो मेल तुमच्या विरोधात जातो. त्याऐवजी ऑफिसकडून साधं पत्र घ्या की ही उपकरणं चालू स्थितीत आहेत, पुढे तशीच वापरण्यासाठी अमुक संस्थेला देतोय, मालकी त्यांच्याकडे जातेय.

इथल्या कायद्यात, म्हणजे २०१३ च्या ई-कचरा नियमांत (ते युरोपच्या २०१२ च्या निर्देशावरून आले), वापरलेली इलेक्ट्रिक वस्तू देशाबाहेर पाठवताना चार गोष्टी दाखवाव्या लागतात. विक्रीचं बिल किंवा मालकी देण्याचा करार ज्यात वस्तू पूर्ण चालू आहे आणि थेट वापरासाठी जातेय असं लिहिलंय, प्रत्येक नगाच्या तपासणीची नोंद, यातलं काहीही कचरा नाही असं पाठवणाऱ्याचं लेखी निवेदन, आणि प्रवासात मोडणार नाही असं पॅकिंग. यातलं एक जरी नसलं तरी अधिकाऱ्यांनी तो कचराच धरायचा असं नियमात आहे, म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर, त्यांच्यावर नाही.

यातली 'प्रत्येक नगाची नोंद' ही गोष्ट लोक सगळ्यात हलक्यात घेतात म्हणून माझ्यासमोर घडलेलं सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिने घानाच्या तेमा बंदरासाठी मॉनिटरचा कंटेनर भरला. तपासणी खरंच केली होती, बरेच मॉनिटर मी स्वतः लावून बघितले होते, पण मालकांनी यादीत एकच ओळ टाकली, '२०० मॉनिटर, टेस्टेड ओके'. सिरीयल नंबर नाहीत, तारीख नाही, कोणी तपासलं ते नाही. आणि पॅकिंग म्हणजे पॅलेटवर एकावर एक रचून वरून नुसती प्लास्टिकची फिल्म गुंडाळलेली. पोर्टवर दार उघडलं, अधिकाऱ्यांनी मधल्या रांगेतून दहा मॉनिटर काढले आणि तिथेच वायर लावून बघितले, तीन लागलेच नाहीत, एकाची काच कोपऱ्यातून तडकलेली होती, आणि दोन मॉनिटरच्या वायर प्लगपाशी कापलेल्या होत्या. इथे लोक वस्तू फेकताना प्लग कापून ठेवतात ना, ती कापलेली वायर म्हणजे हे कोणीतरी टाकून दिलेलं होतं याचा उघड पुरावा. अख्खा कंटेनर परत आला, चांगले मॉनिटरसुद्धा, आणि जाण्यायेण्याचा, साठवण्याचा सगळा खर्च कंपनीच्या डोक्यावर. त्यात माझ्या हाताने तपासलेले, कुठल्यातरी ऑफिसात वर्षानुवर्षं चालले असते असे मॉनिटर शेवटी तोडायला गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून ६० लॅपटॉप म्हणजे ६० नोंदी. एका लॅपटॉपला मला वीस मिनिटं लागतात. आधी सपाट टेबलावर ठेवायचा आणि कोपऱ्यावर बोट दाबायचं, डुगडुगला किंवा ट्रॅकपॅड वर आल्यासारखा दिसला तर आतली बॅटरी फुगलीये, तो तिथेच बाजूला, चार्जिंगला लावायचासुद्धा नाही. मग चार्जरवर सुरू करायचा, मग नुसत्या बॅटरीवर, पांढरी स्क्रीन करून डाग बघायचे, प्रत्येक की दाबायची, सगळे पोर्ट, वायफाय, कॅमेरा, बिजागरी. डिस्क सॉफ्टवेअरने पुसून त्याचं सर्टिफिकेट, ते तर ऑफिसच मागेल. मग खोक्यावर न उघडता वाचता येईल असं लेबल: वस्तूचं नाव, सिरीयल नंबर, माहीत असेल तर बनल्याचं वर्ष, कुठल्या तपासण्या केल्या, निकाल काय, तारीख, आणि तपासणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता. हीच माहिती यादीतही, आणि यादीतला नंबर खोक्यातल्या नंबराशी जुळलाच पाहिजे.

"बंद असले तरी पाठवू, भारतात रिपेअरिंग स्वस्त आहे" असं मंडळात कोणीतरी म्हणेलच, दर वेळी म्हणतातच. ते चालत नाही. दुरुस्तीसाठी पाठवायची जी सवलत आहे ती वॉरंटीत मूळ कंपनीकडे परत पाठवायला, किंवा व्यावसायिक वापराची उपकरणं करार करून ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) देशांतल्या दुरुस्ती केंद्रात पाठवायला. भारत ओईसीडीत नाही. बंद लॅपटॉप म्हणजे ई-कचरा, आणि १ जानेवारी २०२५ पासून बासेल कराराचे (धोकादायक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) नियम आणखी कडक झालेत. आधी बिनविषारी ई-कचरा सोप्या वाटेने जायचा, आता विषारी असो नसो, सगळ्याच ई-कचऱ्याला करारात आधी घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते, आणि विषारी असेल तर इथून भारतासारख्या देशात पाठवायला बंदीच आहे. हा गुन्हा आहे बरं का, नुसता दंड भरून सुटण्यासारखा विषय नाही, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१४ मध्ये इथल्या एका निर्यातदाराला मोडके टीव्ही आणि फ्रिज आफ्रिकेत पाठवल्याबद्दल १६ महिन्यांची शिक्षा झालीये.

आता समजा इथलं सगळं तुम्ही शंभर टक्के नीट केलंत. तरी खरी अडचण तिकडे आहे, आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचंय कारण लोक इथले कागद पूर्ण करतात आणि माल न्हावा शेवाला अडकतो. भारताच्या परदेश व्यापार धोरणात जुने डेस्कटॉप, झेरॉक्स मशिन, एसी, जनरेटर 'रिस्ट्रिक्टेड' आहेत, म्हणजे डीजीएफटीचं (केंद्र सरकारचं परदेश व्यापार खातं) ऑथरायझेशन, म्हणजे परवानगी, असल्याशिवाय आणता येत नाहीत. लॅपटॉप आणि मॉनिटर सक्तीच्या नोंदणीच्या ऑर्डरमध्ये येतात, त्यात बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी नसलेला माल आणायला बंदीच आहे. शिवाय २०१६ चे धोकादायक कचऱ्याचे नियम आहेतच. हे ऑथरायझेशन माल निघायच्या आधी आणि आयात करणाऱ्याच्या नावावर लागतं, आणि तुमच्या केसमध्ये आयात करणारा कोण, तर दोन शिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक! त्यांच्यावर हे ओझं टाकू नका. माल बेकायदा ठरला तर ९० दिवसांत स्वखर्चाने परत पाठवायची जबाबदारी आयात करणाऱ्याची असते, आणि तोवर कंटेनरचं भाडं आणि डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) रोज चढत राहतं.

व्हेंटिलेटरचं तर नावच काढू नका. वापरलेली क्रिटिकल केअरची वैद्यकीय उपकरणं पुन्हा वापरासाठी भारतात आणायला २०१६ च्या नियमांत सरळ बंदी आहे. डॉक्टरांना सांगा की आभारी आहोत पण घेता येणार नाही. झेरॉक्स मशिनही सोडा, त्यांना किती आयुष्य उरलंय याचं चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट वगैरे लागतं, दोन मशिनसाठी तो खटाटोप परवडणार नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर कंटेनरचा विचारच सोडला असता. लॅपटॉप कुठलं मॉडेल आहे ते कळवा, बहुतेक विंडोज ११ न चालणारे असणार, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून ऑफिसं असेच लॅपटॉप ढिगाने काढतायत. ते इथल्याच रीफर्बिशिंगवाल्याला (जुनी मशिन दुरुस्त करून विकणाऱ्याला) विका, ऑफिसची परवानगी घेऊन, आणि आलेले पैसे मंडळाच्या वर्गणीत घाला. कंटेनरचं भाडं, इथली वाहतूक, तिकडचा क्लिअरिंग एजंट, न्हावा शेवा ते दहिवडी टेम्पो, हा सगळा खर्च वाचतो तोही त्यातच. परदेशातून संस्थेला देणगी द्यायची तर तिकडच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) आहे का ते आधी बघा, भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या खिशातून दिलं तर तो नियम आड येत नाही, पण मंडळ इथली नोंदलेली संस्था असेल तर येतो. आणि मशिन पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला रीफर्बिश्ड घ्या, बिलासकट, वॉरंटीसकट, भारतीय प्लगसकट. शाळेत काही बिघडलं तर साताऱ्याहून माणूस येऊ शकतो, सुटा पार्ट मिळतो. इंग्लंडचा कीबोर्ड आणि तीन चौकोनी पिनांचा चार्जर घेऊन ते गुरुजी कुठे जाणार?

आणि मंडळातली मंडळी सुट्टीला गावी जातातच, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला बॅगेजमध्ये एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय नेता येतो. पण ती सवलत स्वतःच्या सामानासाठी आहे, तिच्या जोरावर ६० लॅपटॉप माणसागणिक वाटून न्यायचा बेत कोणी मांडला तर तिथेच थांबवा.

ऑफिसकडून मॉडेल आणि सिरीयल नंबरची यादी मिळाली की इथेच टाका, कुठल्याला काय भाव येईल ते मी बघून सांगतो. आणि उद्याच ऑफिसात सांगून ठेवा की मॉनिटरच्या वायर कोणी कापू नका, चार्जर ज्या त्या लॅपटॉपबरोबर ठेवा, आणि शुक्रवारी स्किप आलाच तर यातलं काही त्यात जाऊ देऊ नका.